घातक कचरा गाळ्यात किती दिवस ठेवता येतो?

निकेल-क्रोमचा मुलामा देणारा गाळा असो, मोटारीचे गॅरेज असो, कपड्याच्या रंगाईचा कारखाना असो की जुन्या पिंपांचा धंदा असो, आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची रोजी ज्या उद्योगांवर चालते त्यांत मालाबरोबर आणखी एक वस्तू तयार होत असते. तिला गिऱ्हाईक नसते आणि ती ठेवायची कोठे हा रोजचा प्रश्न असतो. टाकीच्या तळाचा गाळ, थकलेले तेजाब, इंजिनातून काढलेले काळे तेल, थिनरने भिजलेल्या चिंध्या, रसायनाचा वास मारणारे रिकामे पिंप ही ती वस्तू. कायद्याने तिला ‘घातक कचरा’ हे नाव दिले आहे.

हा कचरा शेवटी कोठे जातो यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. पण बाहेर जाण्याआधी तो आपल्याच जागेत जे दिवस काढतो, त्या दिवसांचे नियम कारागीर बांधवांपर्यंत नीट पोहोचलेले नाहीत. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी गाळ्यात आला की त्याचे पहिले प्रश्न साधे असतात. या पिंपात काय आहे? केव्हापासून आहे? कोणाला देणार? धंद्यात पंचवीस वर्षे काढलेला माणूसही येथे अडखळतो. “साहेब, इन-मीन दोन पिंपे आहेत, त्याला कसला कायदा?” हे उत्तर आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. कायदा दोन पिंपांनाही आहे, आणि लहान माणसाला त्यात काही सवलतीही आहेत. त्या माहीत नसल्यामुळे कोणी घेत नाही, ही खरी हानी.

आजचे नियम कोणते

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळची वायुगळती झाली. त्यानंतर १९८६ साली पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आला आणि त्याखाली १९८९ साली घातक कचऱ्याचे पहिले नियम निघाले. २००८ साली ते नव्याने लिहिले गेले. सध्या लागू आहेत ते एप्रिल २०१६ चे ‘घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम’. त्यांतही अधूनमधून दुरुस्त्या झाल्या आहेत.

या नियमांतला आठवा नियम साठवणीचा आहे. त्याचा सारांश असा की, ज्याच्या ताब्यात घातक कचरा आहे त्याने तो ९० दिवसांपेक्षा जास्त काळ साठवून ठेवू नये, आणि विक्री, हस्तांतर, साठवण, पुनर्वापर या सगळ्याची नोंद ठेवून ती तपासणीसाठी दाखवावी. म्हणजे मुदत आणि वही या दोन गोष्टी एकाच नियमात बांधलेल्या आहेत. नव्वद दिवसांच्या आत माल उचलला गेला, पण त्याची नोंद नाही, तर मुदत पाळली हे सिद्ध कशाने करणार?

राज्य मंडळाला ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देता येते. कोणाला? वर्षाला १० टनांपर्यंत कचरा निर्माण करणाऱ्या लहान उद्योगाला. कचरा कच्चा माल म्हणून वापरणाऱ्याला आणि विल्हेवाट केंद्र चालवणाऱ्याला, त्यांच्या क्षमतेच्या मर्यादेत. ज्यांच्या राज्यात विल्हेवाटीचे केंद्रच नाही त्यांना. पुनर्वापराची एखादी पद्धत शोधून काढण्यासाठी माल राखून ठेवावा लागतो त्यांना. आणि इतर कोणाला सबळ कारण दाखवल्यास.

आपल्या वाचकांच्या कामाची आहे ती पहिली सवलत. वर्षाला १० टन म्हणजे महिन्याला सरासरी ८३३ किलो. साधारण मुलाम्याच्या गाळ्यात किंवा गॅरेजमध्ये एवढा घातक कचरा निघत नाही. म्हणजे आपल्यातले बहुतेकजण या सवलतीसाठी अर्ज करू शकतात. मात्र ‘करू शकतात’ हा शब्द नीट वाचावा. मुदतवाढ आपोआप मिळत नाही. मंडळाकडे लेखी मागावी लागते आणि मंडळ ती देईपर्यंत घड्याळ ९० दिवसांचेच चालते. “आपण लहान आहोत, आपल्याला सहा महिने आहेत” असे परस्पर ठरवून बसणारे कारागीर आम्हाला भेटले आहेत. तो समज काढून टाकावा.

नव्वद दिवस कधीपासून मोजायचे, हाही वादाचा मुद्दा होतो. पिंप भरले त्या दिवसापासून, असे पुष्कळजण धरतात. आमचा सल्ला वेगळा आहे. गाळाचा पहिला टोपला ज्या दिवशी पिंपात पडला, तीच तारीख पिंपावर लिहावी. ज्या गाळ्यात महिन्याला ४० किलो गाळ निघतो त्याचे २०० लिटरचे पिंप तीन महिन्यांत भरतच नाही. तो ‘भरल्यापासून’ मोजायला बसला तर पिंप वर्षभर कोपऱ्यात राहील आणि अधिकाऱ्याच्या नजरेला ते वर्षभराचेच दिसेल. अर्धे भरलेले पिंप वेळेवर गेले तर कोणी हरकत घेत नाही.

कोणता कचरा घातक

नियमांना जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत उद्योगांची आणि त्यांतून निघणाऱ्या कचऱ्याची यादी आहे. आपल्या उपयोगाचे तेवढे सांगतो. धातूला मुलामा देणे, तेजाबात धुणे, पॉलिश, गॅल्व्हनायझिंग यांतून निघणारे तेजाब व क्षार, थकलेले द्रावण आणि टाकीचा गाळ त्यात आहे. यंत्रांत वापरून झालेले तेल आहे. रंग, लाखरोगण, व्हार्निश यांच्या कामातला चिकट गाळ आहे. सांडपाणी शुद्ध करताना खाली बसणारा रासायनिक गाळ आहे, आणि भिवंडी, मालेगाव, सोलापूरच्या रंगाई कारखानदारांनी ही नोंद खास लक्षात ठेवावी. त्याशिवाय रसायन लागलेली रिकामी पिंपे, डबे व आतल्या पिशव्या, आणि पुसायला वापरलेल्या चिंध्या व सुती वेस्ट हेही त्याच यादीत आहे.

शेवटच्या दोन वस्तू ऐकून अनेकांना नवल वाटते. चिंधी कसली घातक? पण गॅरेजच्या मागच्या बाजूला तेल-थिनरच्या चिंध्यांचा ढीग असतो, आणि आग लागते तेव्हा ती बहुधा अशाच ढिगाच्या आसऱ्याने वाढते. अळशीच्या तेलाने किंवा त्यापासून केलेल्या रोगणाने भिजलेल्या चिंध्या ढिगात दडपून ठेवल्या तर काडी न लावताही तापतात आणि पेट घेतात. फर्निचर पॉलिशचे काम करणाऱ्या बांधवांनी अशा चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात, आणि डबा कारागीर झोपतात त्या खोलीत तर मुळीच नको.

मुलाम्याच्या गाळ्यातली खबरदारी

येथे जरा सविस्तर लिहितो, कारण साठवणीतल्या चुकीने जीव जातो तो या धंद्यात.

तांबे, जस्त किंवा चांदी चढवताना जेथे सायनाइडचे द्रावण वापरतात तेथे त्याचा गाळ आणि धुण्याचे पाणी यांतही सायनाइड असते. ते क्षारयुक्त पाण्यात शांत असते. त्यात तेजाब मिसळले की हायड्रोजन सायनाइड हा वायू सुटतो. बंद गाळ्यात तो काही मिनिटांत माणूस मारतो. दुसरीकडे क्रोमचे काम पाहा. पिवळ्या क्रोमचे पाणी निर्धोक करायचे तर आधी ते तेजाबाने आंबट करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात, मग चुना घालून हिरवट गाळ खाली बसवतात. म्हणजे क्रोमच्या बाजूला तेजाब हवेच, आणि सायनाइडच्या बाजूला तेजाबाचा थेंबही नको. म्हणून या दोन्हींच्या नाल्या वेगळ्या, टाक्या वेगळ्या आणि गाळाची पिंपेही वेगळी ठेवायची. दोन्ही पिंपे एकाच खोलगट फरशीवर शेजारी ठेवली आणि एक गळले, तर नाल्या वेगळ्या बांधल्याचा काय उपयोग झाला? मध्ये विटांचा बंधारा हवा.

सायनाइड मारण्यासाठी आणि कापड पांढरे करण्यासाठी जे हायपोक्लोराइट लागते, त्याचे कॅनही तेजाबापासून दूर असावेत. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन सुटतो. पितळ उजळण्यासाठी वापरतात ते नत्राम्ल सांडले तर त्यावर लाकडाचा भुसा किंवा चिंध्या टाकण्याची सवय आहे. ती सोडावी. नत्राम्लाने भुसा पेट घेऊ शकतो. कोरडी वाळू टाकावी आणि वाळूची बादली पिंपांच्या जवळच भरून ठेवावी. ती वाळूही मग घातक कचऱ्यातच जमा होते.

आणि क्रोमच्या टाकीवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसाच्या नाकाचा पडदा झिजून त्याला भोक पडते, हे या धंद्यातल्या जुन्या लोकांना सांगायला नको. पिवळा क्रोम कर्करोगालाही कारण होतो. हाच क्रोम सुकून पिंपाच्या कडेला भुकटी होऊन बसतो आणि झाडलोट करणाऱ्या मुलाच्या श्वासात जातो. गाळाचे पिंप झाकून ठेवायचे ते अधिकाऱ्यासाठी नव्हे. त्या मुलाचा हात आपल्या भरवशावर कोणीतरी बापाने आपल्या हातात दिलेला असतो. तीही अमानतच आहे.

जागा कशी असावी

कचरा ठेवण्याची जागा छताखाली, पक्क्या फरशीची आणि कडेने उंबरठा असलेली असावी. एखादे पिंप फुटले तरी त्यातले सगळे आतच राहावे एवढा तो उंबरठा उंच हवा. पिंपे थेट जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत, म्हणजे तळाशी गळती लागली तर दिसते. पातळ माल असेल तर पिंप काठोकाठ भरू नये, उन्हाने फुगते. थप्पी तीनपेक्षा उंच नको, आणि थिनर, रंग, पेट्रोल अशा चटकन पेटणाऱ्या मालाची पिंपे एकावर एक रचूच नयेत. विजेचे मीटर, वेल्डिंगची जागा आणि चहाचा स्टो यांपासून ही जागा दूर असावी. पोटमाळ्याखाली तर नकोच, कारण पोटमाळ्यावर रात्री माणसे झोपतात.

मुंबईच्या दहा बाय पंधराच्या गाळ्यात हे सगळे कसे बसवायचे, असा प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्त आहे. आमच्या मते लहान जागेत उपाय एकच, माल साचू द्यायचा नाही. ज्याच्याकडे जागा कमी, त्याने ९० दिवसांचीही वाट पाहू नये.

पावसाळ्याचा विचार आधी करावा. ताडपत्रीखाली ठेवलेला गाळ जुलैत भिजून नाल्यात जातो आणि जो राहतो तो पाण्याने जड होतो. विल्हेवाट केंद्र वजनावर पैसे घेते, तेव्हा पाण्याचेही पैसे मोजावे लागतात. छताखाली, फरशीवर वाळवलेला गाळ वजनाने पुष्कळ हलका होतो. याहून चांगला उपाय म्हणजे गाळ मुळातच कमी निघावा. टाकीतून काढलेला माल घाईने धुवायला न नेता काही क्षण टाकीवरच धरून निथळू दिला, तर निकेलचे महागडे क्षार टाकीतच परत पडतात. नियमांतही विल्हेवाटीचा क्रम शेवटचा आहे. आधी कचरा होऊ न देणे, मग कमी करणे, मग पुन्हा वापरणे असे सांगितले आहे. उस्ताद लोक ही निथळण्याची शिस्त कायदा येण्याच्या आधीपासून शिकवत आले आहेत, कारण क्षारांचे पैसे त्यांच्या खिशातून जात.

पिंपावरची चिठ्ठी

प्रत्येक पिंपावर नमुना ८ प्रमाणे लेबल हवे. पार्श्वभूमी झगझगीत पिवळी, आणि ‘घातक कचरा’ व ‘काळजीपूर्वक हाताळा’ हे शब्द लाल अक्षरांत, इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत. कचऱ्याचा प्रकार, कोणत्या पदार्थाबरोबर ठेवू नये, किती आहे, साठवणीची तारीख, देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव-पत्ता आणि अडचणीच्या वेळी कोणाला फोन करावा, हे त्यावर येते. लेबल पाण्याने न पुसणारे असावे. खडूने लिहिलेली तारीख चालत नाही.

ज्या मोहल्ल्यातले कारागीर उर्दूच वाचतात तेथे त्याखाली उर्दूतही लिहावे. नियमाला त्याची हरकत नाही, आणि गाळ हलवणाऱ्याला लेबल वाचता आले तरच ते लावल्याचा उपयोग.

सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २००३ च्या आदेशात घातक कचऱ्याची माहिती कारखान्याच्या दारावर फलक लावून लोकांना दाखवावी असेही सांगितले आहे. शेजाऱ्यांना कळले तर ते तक्रार करतील, या भीतीने अनेकजण फलक टाळतात. पण अग्निशामक दलाचा जवान रात्री दोन वाजता दार तोडून आत शिरतो, तेव्हा आत पाण्याने विझणारा माल आहे की पाण्याने भडकणारा, हे त्याला सांगणारा तो फलकच असतो.

ज्याच्या ताब्यात, त्याच्या माथी

आता भंगार आणि जुन्या पिंपांच्या व्यापाऱ्यांसाठी. नियमांत ‘ऑक्युपायर’ म्हणजे भोगवटादार या शब्दाची व्याख्या फार महत्त्वाची आहे. कारखान्यावर ज्याचे नियंत्रण तो भोगवटादार आहेच, पण घातक कचऱ्याच्या बाबतीत तो कचरा ज्याच्या ताब्यात आहे तोही भोगवटादार. म्हणजे एखाद्या कंपनीतून तळाशी रसायन राहिलेली पन्नास पिंपे आपण लिलावात उचलली आणि गोदामात उतरवली, त्या क्षणी ती आपल्या माथी आली. “माल कंपनीचा आहे” हे उत्तर पुरत नाही. अशी पिंपे धुऊन पुन्हा विकायची असतील तर त्या कामालाही मंडळाची परवानगी लागते, आणि ते धुण्याचे पाणी गटारात सोडता येत नाही. भाव स्वस्त मिळाला की आपण खुश होतो. पण कंपनीने पिंपाबरोबर आपली जबाबदारीही विकलेली असते, तिचा भाव कोणी काढत नाही.

काळ्या तेलाचे तसेच. गॅरेजवाल्याने तेल वेगळ्या पिंपात ठेवावे, त्यात कूलंट, ब्रेकचे तेल, थिनर किंवा पेट्रोल मिसळू नये. मिसळलेले तेल शुद्ध करणारा घेत नाही. ते द्यायचे फक्त परवानाधारकाला. भट्टीत जाळण्यासाठी नेणारा दोन रुपये जास्त देतो हे आम्हालाही ठाऊक आहे, पण त्याच्याकडे पावती नसते आणि नाव तर नसतेच. १ एप्रिल २०२४ पासून तेल तयार करणाऱ्या व आणणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराचीही जबाबदारी टाकण्यात आली आहे. त्यामुळे रीतसर गोळा करणाऱ्यांना तेल हवेच आहे. गॅरेजवाल्यांनी एकत्र येऊन त्यांच्याशी भावाची बोलणी करायला हरकत नाही.

बाहेर गेलेल्या मालाचे काय होते

गाळ उचलणाऱ्याला पैसे देऊन मोकळे झालो, असे समजण्यात किती धोका आहे ते सुरतच्या घटनेवरून कळते. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रासायनिक कचरा नाल्यात सोडला जात होता. त्यातून उठलेल्या वायूने शेजारच्या कापड छपाई कारखान्यातील सहा कामगार मरण पावले आणि वीसहून अधिक आजारी पडले. तो कचरा आपल्या तळोजाच्या औद्योगिक वसाहतीतून गेल्याचे तपासात पुढे आले. उल्हासनगरलाही २०१४ च्या नोव्हेंबरात वालधुनीत ओतलेल्या रसायनाच्या वायूने शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले होते. सुरतला मेलेले कामगार रसायनाच्या धंद्यातले नव्हते. ते रात्रपाळीचे कापड कामगार होते, आपल्या भिवंडी-मालेगावात असतात तसेच.

म्हणूनच कचरा गाडीत चढतो तेव्हा नमुना १० चे वाहतूकपत्र लागते. त्याच्या रंगवार सात प्रती असतात. पांढरी प्रत मंडळाला जाते, पिवळी प्रत वाहतूकदाराची सही घेऊन आपल्याकडे राहते. माल केंद्रावर पोहोचल्याची पोच आपल्याकडे परत आली की मगच तो व्यवहार पुरा झाला असे धरावे. पोच आली नाही तर मागे लागून मागवावी. रिकाम्या हाताने गाळ नेणारा आणि नेहमीपेक्षा निम्मे पैसे मागणारा वाहतूकदार तो कोठे ओततो, हे त्याला न विचारणे म्हणजे आपल्या दारातला काटा उचलून दुसऱ्याच्या दारात टाकणे आहे. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हा सदका आहे असे जुम्म्याच्या बयानात आपण ऐकतो. येथे तर ती वस्तू आपण स्वतः वाटेत टाकतो.

लहान माणसाची खरी अडचण

महाराष्ट्रात सामाईक विल्हेवाट केंद्रे तळोजा, महापे, रांजणगाव आणि नागपूरजवळ बुटीबोरी येथे आहेत. तेथे सभासद व्हावे लागते, कचऱ्याचा नमुना तपासून घ्यावा लागतो, मग गाडी येते. नियम पाळायला तयार असलेला कारागीर येथे अडतो. त्याच्याकडे १२० किलो गाळ आहे, आणि एवढ्यासाठी गाडी मालेगावला किंवा वसईला येण्याचे भाडे गाळाच्या खर्चाहून जास्त. मग तो वाट पाहतो, तारीख उलटते, आणि शिक्षा होते ती नियम पाळू पाहणाऱ्यालाच. सरकारने याचा विचार करायला हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर हातातला मार्ग असा. एका वसाहतीतल्या वीस-पंचवीस गाळेधारकांनी मिळून दर दोन महिन्यांनी एक दिवस ठरवावा. एकच गाडी येईल, प्रत्येक गाळ्याच्या दारातून ज्याचा त्याचा माल ज्याच्या त्याच्या वाहतूकपत्रावर उचलेल, आणि भाडे वजनाच्या हिशेबाने वाटले जाईल. दोन महिने ठरवले म्हणजे एखादी फेरी दहा-पंधरा दिवस लांबली तरी ९० दिवसांच्या आत राहता येते. येथे एक चूक टाळावी. सगळ्यांचा गाळ आधी संघटनेच्या एका शेडमध्ये गोळा करून ठेवायचा, ही कल्पना सोयीची दिसते. पण वरच्या व्याख्येप्रमाणे मग संघटना स्वतः भोगवटादार होते आणि तिला वेगळी परवानगी लागते. शेड नको, फक्त गाडी सामाईक असावी.

कागदपत्रे आणि दंड

घातक कचरा निर्माण करायला व साठवायलाही मंडळाचे अधिकारपत्र लागते. त्यासाठी नमुना १ मध्ये अर्ज करायचा. आपल्या राज्यात मंडळ पाणी व हवेची संमती आणि हे अधिकारपत्र एकत्रच देते, म्हणून आपल्या संमतीपत्रात घातक कचऱ्याचा रकाना भरलेला आहे का ते आजच काढून पाहावे. पुष्कळांच्या कागदावर कचऱ्याचा प्रकार एक आणि गाळ्यात दुसराच असतो. रोजची नोंद नमुना ३ मध्ये आणि वार्षिक विवरण नमुना ४ मध्ये, दरवर्षी ३० जूनपूर्वी. अपघात झाला तर ताबडतोब मंडळाला कळवून नमुना ११ भरावा लागतो.

२०१९ साली एक दिलासा मिळाला आहे. ज्या उद्योगांना पाणी व हवा कायद्यांखाली संमतीच लागत नाही, त्यांना घातक कचऱ्याच्या अधिकारपत्रातूनही सूट आहे, मात्र कचरा अधिकृत माणसालाच दिला पाहिजे. मुलामा आणि रंगाई यांना संमती लागते, तेव्हा त्यांना ही सूट नाही. जुन्या बॅटऱ्या आणि ई-कचरा यांचे नियम वेगळे आहेत. २०२२ च्या ई-कचरा नियमांत साठवणीची मुदत १८० दिवस आहे, ती घातक कचऱ्याच्या ९० दिवसांत मिसळू नये.

दंडाबाबत जुनी माहिती अजून फिरत असते. पूर्वी पर्यावरण कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद होती. जनविश्वास अधिनियमाने ते बदलले आणि १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दंड न भरल्यास मात्र तुरुंगवासाची तरतूद आहे. याशिवाय पर्यावरणाला किंवा तिसऱ्या माणसाला झालेल्या नुकसानीची भरपाई भोगवटादाराकडून वसूल करता येते. गाळा भाड्याचा असेल तर त्यात धंदा चालवतो तो भाडेकरू आधी धरला जातो.

नोंदवहीसाठी मुनीम ठेवण्याची गरज नाही. दोनशे पानांच्या वहीत तारीख, कचऱ्याचा प्रकार, आज किती पडला, एकूण किती झाला, किती गेला आणि वाहतूकपत्राचा क्रमांक एवढे रकाने आखावेत. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी हे काम आठवड्याला अर्ध्या तासात करील, आणि मंडळाच्या संकेतस्थळावर वार्षिक विवरण भरायलाही त्यांचीच मदत होईल. अर्जाबाबत शंका असल्यास मंडळाच्या जवळच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयात जावे. जाताना संमतीपत्राची प्रत आणि गेल्या तीन महिन्यांची वही बरोबर न्यावी.